फ्यूज खिशात, जनरेटर वसरीत

माहा धाकटा पोरगा गावचा वायरमन हाये. कागदावर न्हाई बरं. कागदावरचा वायरमन येगळा हाये. त्याच्याकडं सात-आठ गावं अन् दोन दुखरे गुडघे. तो पोलाच्या बुडाशी येऊन वर बघतो, लांब श्वास सोडतो अन् चहाचं ईचारतो. वर चढायचं ते माह्या लेकरानं. अशा माणसाला आमच्याकडं झिरो वायरमन म्हणतात. पगार झिरो, हुद्दा झिरो, अन् वरून पडला तं दाद घेणारं माणूस झिरो. बाकी मान लई. लाईन गेली की गाव त्याला साहेब म्हणतं. लाईन आली की त्याच गावाला तो वळखू येत न्हाई.

त्याचा बाप करंटनंच गेला. कालव्याच्या कडंला आमची मोटर होती. सिद्धेश्वरचं पाणी सुटलं होतं, गव्हाला पाळी द्यायची होती. ओल्या हातानं स्टार्टरची पेटी उघडली अन् तिथंच चिकटले. मी वावराच्या दुसऱ्या टोकाला निंदत होते. पळत गेले, त्याईचा हात धरायला वाकले, तं शेजारच्या वावरातल्या गड्यानं मला ढकलून देलं अन् वखराच्या लाकडानं त्याईचा हात पेटीवरून पाडला. पण तव्हर सगळं झालं होतं. त्या गड्यावर मी लई दिवस राग धरला, मला शिवू काहून देलं न्हाई म्हणून. मंग हळूहळू समजलं की पोरांना निदान माय राह्यली, ती त्याच्यामुळं. तव्हापासून मी एवढं शिकले की करंटला हात लावायचा न्हाई, लाकूड लावायचं, अन् तेबी सुकं. माही शाळा दुसरीपर्यंतच झाली. हे तिसरीत शिकवत असतील तं मला म्हाईत न्हाई.

पुढं लोकाच्या वावरात निंदलं, हळद काढली, वैलावरच्या कढईपाशी उभं राहून हळद शिजवली. अंग इतकं पिवळं होई की लोक म्हणत, काकू रोजच नवरी. नवरा मेलेल्या बाईला असं म्हणायला बी अक्कल लागते. मोठा पोरगा शिकला, वसमतला एका कचेरीत कारकून झाला. धाकट्याला म्हणलं, तू काहीबी कर बापा, पण तारंच्या वाटंला जाऊ नको. त्यानं बराबर ऐकलं. वाटंला गेला न्हाई, थेट तारंवर जाऊन बसला.

त्याच्या कामाची एक रीत हाये. आधी सबस्टेशनला फोन लावून लाईन बंद करून घेतो. पण फोनवरच्या माणसाचा भरवसा न्हाई, म्हणून मंग डीपीपाशी, म्हंजी गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशी जाऊन तिन्ही फ्यूज उपसून काढतो अन् पँटच्या खिशात टाकतो. तरी बी डीपीपाशी दोन माणसं बसवून ठेवतो, कोणी येडा येऊन तार जोडू नये म्हणून. मी त्याला रोज तेच ईचारायचे अन् तो रोज तेच सांगायचा.

"फ्यूज माह्या खिशात हायेत माय. आता यमाला बी लाईन सोडायची तं मला ईचारून सोडावी लागंल."

मला बी ते पटायचं. यम दुसऱ्या कोणत्या वाटंनं येतो हे आमाला कुठं म्हाईत.

दोन सालामागं वैशाखात वादळ झालं. वाळत घातलेली हळद झाकायला आमी पळालो, तव्हर पत्रे उडाले, लिंबाची फांदी तारंवर पडली, अन् आमच्या गल्लीची तार तुटून रस्त्यावर लोंबली. तीन दिवस गाव बिगर लाईनचं. पहिल्या दिवशी लोक गप्पा मारत ओट्यावर बसले अन् म्हणले, जुनं दिवस आले, किती बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी त्याच लोकाईनं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मोबाईल लावायला भांडणं केली. तिसऱ्या दिवशी सगळे माह्या दारात. काकू, साहेब हायेत का?

साहेब सकाळीच भाकर बांधून, शिडी अन् दोर घेऊन गेल्ते. गावभर तुटलेल्या तारा जोडत जोडत आमच्या गल्लीकडं येणार होते.

अन् त्याच दिवशी आमच्या घरी पाहुणे यायचे होते. मोठ्याच्या पोरीला, माह्या नातीला, बघायला. पुसेगावकडचे लोक. त्याईचं म्हणणं होतं की पोरगी वसमतला बघायची न्हाई, गावचं घर अन् वावर बघायचं. मोठ्याला घाम सुटला. एवढ्या वैशाखात पाहुणे पंख्यावाचून बसवायचे म्हंजी त्याच्या कारकुनीला बट्टा. धाकटा गेल्यावर घडीभरानं एक टेम्पो आला, त्याच्यातून मोठा, मोठी सून, नात अन् एक लाल पेटी उतरली. पेटीला चाकं, दांडा, अन् वरून प्लॅस्टिक.

"माय, हे बघ. आता लाईनची गरज न्हाई."

"काय हाये हे?"

"जनरेटर."

"खातं काय?"

"पेट्रोल."

"अन् देतं काय?"

"करंट."

"मंग तुह्या भावावानीच झालं. तो चहावर चालतो एवढंच."

मोठ्याला माहं बोलणं आवडलं न्हाई. त्यानं पेटी उचलून सरळ मधल्या घरात नेली. म्हणलं, लेका, इंजिन हाये ते, बाहीर ठेव. तं म्हणतो, बाहीर ठेवलं की गाव बघंल, कोणी उचलून बी नेईल. गावानं बघावं म्हणून तं आणलं होतं, पण जाऊ द्या. दोरी ओढली. पेटी फटफट करायला लागली. आवाज शेजारी जाऊ नये म्हणून त्यानं मधल्या घराचं दार बी लोटून घेतलं. तिथं नात लुगडं नेसून बघत होती अन् तिची माय निऱ्या धरत होती. पेटीच्या अंगावरच्या बोर्डात एक टेबलपंखा लावला, तो फिरला, मोठा खुश झाला अन् दाढी करायला बाहीर गेला.

मी चुलीपाशी होते. पोळ्यांची कणीक मळून झाली असंल, तव्हर नात दारातून डोकावली अन् चौकटीला टेकून बसली.

"आजी, डोकं गरगरून राहिलं. उलटीवानी वाटतं."

तिची माय आतूनच बोलली, "नजर लागली. शेजारची सकाळपासून दोनदा येऊन बघून गेली." अन् मीठ-मोहऱ्या घेऊन आली ओवाळायला. पण किती येळा ओवाळलं तेच ती इसरली. पोरगी जांभया देत होती, माय भिंतीला धरून ओवाळत होती, अन् पंखा दोघींच्या अंगावर मन लावून पेटीचा धूर फेकत होता.

मी मीठ-मोहऱ्या तिच्या हातून घेतल्या, डब्यात परत टाकल्या अन् दोघींना दंडाला धरून अंगणात काढलं. चुलीचा धूर बरा. डोळ्यात जातो, खोकला आणतो, सांगून येतो. ह्या पेटीचा धूर दिसत न्हाई अन् माणसाला झोपवतो. झोपलं माणूस तक्रार करत न्हाई. अंगणात लिंबाखाली बसल्यावर घडीभरानं दोघी माणसात आल्या. नजर लावणारी शेजारीण, म्हंजी माही चुलत जाऊ, तिनंच पाणी आणून देलं.

मोठा अर्ध्या दाढीनं आला. "खिडकी तं उघडी होती की."

"खिडकी उघडीच होती. तुहं डोकं बंद होतं."

मी म्हणलं, दारा-खिडक्यापासून लांब, पार बाभळीखाली ने. तं म्हणे तिथून वायर पुरत न्हाई. मंग वसरीच्या टोकाला ठेवतो म्हणाला. वसरी तीन बाजूनं मोकळी हाये, पण घराचं दार तिथंच. अर्धं ऐकलं. आमच्या घरात अर्धं ऐकलं म्हंजी लई झालं.

तव्हर पेट्रोल संपून पेटी बंद पडली. मोठ्यानं कॅन उचलली अन् तापलेल्या पेटीवरच नरसाळं धरलं. लोखंडावरून वाफा निघून राहिल्या होत्या. मी कॅन धरली.

"सोड माय, पाहुणे येतील."

"तवा उतरवल्या उतरवल्या त्याच्यावर हात टेकवतोस का? निवू दे."

"किती निवू देऊ?"

"हात लावून बघ. ओरडला न्हाईस तं निवलं."

म्हणून तो थांबला. अन् थांबला ते बी वंगाळच झालं. रिकामा बसलेला कारकून काहीतरी करतोच. त्याला वाटलं, एक टेबलपंखा काय लावायचा, सगळ्या घरालाच करंट देऊ, वरचे पंखे फिरतील, सगळे बल्ब लागतील, पाहुणे गार होतील. त्यानं ब्लेडनं एक लांब वायर सोलली अन् तिच्या दोन्ही तोंडाला पिना बसवल्या, काळी पट्टी गुंडाळली. दोन तोंडाचं मांडूळ असतं तशी वायर. एक तोंड पेटीत खुपसायचं, दुसरं वसरीतल्या इस्त्रीच्या बोर्डात.

मला त्यातलं काही कळत न्हाई. पण धाकटा घरात बोर्डाला हात लावायच्या आधी मेनचा खटका पाडतो एवढं बघितलं होतं. म्हणून म्हणलं, "मेन पाडलं का?"

मोठ्यानं माह्याकडं असं बघितलं जसं कचेरीत खेड्यातल्या माणसाकडं बघतात.

"माय, मेन पाडलं की घरात उजेड येतो का जातो?"

"जातो."

"मंग?"

सून हसली. नातीला बी हसू आलं. दुसरी शिकलेल्या बाईनं कारकुनाच्या हिशेबात पडू नये म्हणून मी चुलीकडं गेले.

अन् खरं सांगायचं तं आमच्या मेनला कोणी हात लावतच न्हाई. त्याला कारण मीच. दसऱ्याला विळा, कुऱ्हाड, वखर, सगळ्याची पूजा करतो ना आपण, तशी हे गेल्यावर मी मेनची पूजा सुरू केली. बाबा, एकाला नेलंस, आता बास कर, म्हणून. दर साली तेलात कालवलेलं कुंकू, वर हळद, अन् खटक्याच्या दांडीला झेंडूचा हार दोऱ्यानं बांधायचा. फुलं वाळून पडतात, दोरा तसाच. इतक्या सालात त्या दांडीवर कुंकवाचा असा थर बसला अन् दोऱ्याचे असे वेढे पडले की देवाला बी तो खटका पाडायला नवस करावा लागला असता. धाकटा एक-दोनदा म्हणला व्हता, माय, हे साफ कर, खटका हलला पाहिजे. मी म्हणलं, तुला काय कळतं, गप बस. म्हंजी सगळी अक्कल मोठ्यानंच हरवली असं न्हाई. घरात थोडीथोडी सगळ्याईनं हरवलेली होती. पोलाच्या कामासाठी धाकटा डीपीवरून फ्यूज काढतो, तव्हा घरातल्या मेनकडं बघायचं काम त्याला बी कव्हा पडलं न्हाई.

पेटी निवली. पेट्रोल भरलं. दोरी ओढली, मांडूळ लावलं. वरचा पंखा गरगरा फिरला, बल्ब लागले, मोठा छाती फुगवून सगळ्या खोल्यातून फिरून आला. मंग टोपी घालून पाहुण्याला आणायला फाट्यावर गेला. सून अन् नात आत आवरायला गेल्या. मी वसरीत सुपारी कातरत बसले. पेटीचा आवाज इतका की आडकित्त्याचा कट्ट आवाज मला बी ऐकू येईना.

तेवढ्यात जाऊ मधल्या भिंतीवरून डोकावली. तिचं तोंड हलताना दिसलं. मी उठून जवळ गेले तव्हा ऐकू आलं.

"बाई, आली बरं लाईन. माहा पंखा फिरून राहिला. पोरानं मोठं काम केलं तुह्या."

मला बी बरं वाटलं. पोराचं कोणी नाव काढलं की बरं वाटतंच. मी आपली वळून पाटावर बसायला निघाले, अन् मधीच उभी राह्यले. आमच्या गावात लाईन आली का न्हाई हे कोणी पंख्यावरून सांगत न्हाई. मारुतीच्या देवळातल्या भोंग्याचं बटण कव्हाच बंद करत न्हाईत. लाईन गेली की तो गप बसतो, आली की अर्ध्या गाण्यातून ओरडायला लागतो. रात असो दिवस असो, मयत झालेली असो का वरात असो. लाईन आली अन् भोंगा गप, असं होतच न्हाई. मी पेटीपासून लांब अंगणाच्या कोपऱ्यात गेले, पदर मागं सारून कान देला. भोंगा गप होता.

मंग जावेचा पंखा कोण फिरवतं?

मी आमच्या पेटीकडं बघितलं. मांडुळाकडं बघितलं. बोर्डाकडं बघितलं. तिथून वर मीटरकडं, मीटरपासून पोलाकडं गेलेल्या वायरकडं. ज्या वाटंनं करंट घरात येतो, त्याच वाटंनं तो बाहीर बी जाऊन राहिला होता. दार उघडं असलं की माणूस आत बी येतो अन् बाहीर बी जातो, ह्याला शाळा लागत न्हाई. तुटलेल्या तारंच्या ह्या बाजूला आमची गल्ली, तीन-चार घरं. जावेचा पंखा फिरला म्हंजी गल्लीच्या तारंत करंट होता.

अन् गल्लीच्या टोकाला त्याच तारंच्या पोलाला शिडी लागली होती. धाकटा शिडीच्या मधात, खांद्यावर दोर, वर चढून राहिला होता. फ्यूज त्याच्या खिशात. दोन माणसं डीपीवर राखण करत बसलेली. सगळं बराबर.

मी ओरडले. माहा आवाज मला ऐकू आला न्हाई, त्याला काय येणार. गल्लीचं टोक लांब, माहे गुडघे म्हंजी कागदावरच्या वायरमनचे. पळून पोचायच्या आत त्याचा हात तारंला लागला असता. म्हणून मी पेटीपाशी गेले. पेटीवर तीन खटके, एक बटण, एक दोरी, अन् सगळ्यावर इंग्रजी. चालू कसं करायचं हे मोठ्यानं आमाला चारदा दाखवलं होतं. बंद कसं करायचं हे आमी बी ईचारलं न्हाई. सुनेला हाक मारली तं आत पेटीच्या आवाजात तिला काय कळणार. मांडुळाचं तोंड बोर्डातून उपसावं म्हणून हात पुढं केला अन् मागं घेतला. उपसलं तं पितळेचे दोन दात उघडे, अन् ते जिते. कालव्याच्या कडंची ती स्टार्टरची पेटी मी अजून इसरले न्हाई.

उखळापाशी मुसळ होतं. ते उचललं अन् मेनच्या दांडीवर घातलं. पहिल्या घावाला कुंकवाची खपली पडली. माह्याच हाताचं कुंकू, इतक्या सालाचं. दुसऱ्या घावाला दोरे तुटले, दांडी तशीच. तिसरा घाव कसा घातला मला आठवत न्हाई, पण दांडी खाडकन खाली आली अन् मेनच्या डब्याचं झाकण लोंबायला लागलं.

भिंतीवरून जाऊ म्हणली, "गेली बाई लाईन."

आयुष्यात पहिल्यांदा लाईन गेली म्हणून ऐकून बरं वाटलं. अन् वर बघते तं आमचा पंखा तसाच फिरून राहिला होता, बल्ब तसेच. मेन पाडल्यावर घरातला उजेड जातो, हा कारकुनाचा हिशेब. पेटीचा करंट घरातल्या घरात राह्यला होता, फक्त बाहीरची वाट बंद झाली होती. एवढंच करायचं होतं. एक दांडी खाली.

पण दांडी पडायच्या आधी तिकडं पोलावर काय झालं, ते म्हाईत न्हाई. मी मुसळ तसंच घेऊन गल्लीत निघाले. धाकटा वर पोचला होता. कमरेला दोर बांधलेला, दोन्ही हात तारंवर, मान खाली. हलत न्हाई. काम करून राहिला का चिकटला, खालून कळत न्हाई. कमरेचा दोर असला की मेलेला माणूस बी वरच राहतो, हे त्यानंच मला एकदा सांगितलं व्हतं, गंमत म्हणून. मी चालत राह्यले. खाली चार माणसं तंबाखू मळत उभी. त्याईनं मला बघितलं.

"काकू, मुसळ घेऊन कोणावर निघाल्या?"

मी वर बघत होते. मंग वरून आवाज आला.

"अय, तंबाखू मंग खा. पकड फेक की वर."

मी तिथंच एका दगडावर बसले. त्यानं तार ओढली, दोन तुकडे जोडणारा तारंचा झंपर बांधला, सगळं सावकाश. वर असलेल्या माणसाला खालून भेव घालू नये. खाली उतरल्यावर त्यानं माह्याकडं बघितलं.

"काहून आली माय?"

"भाकर खाल्ली का ते ईचारायला."

"मुसळ घेऊन?"

"खाल्ली नसती तं घातलं असतं."

माणसं हसली. तो बी हसला. माह्या मागं मागं घरी आला, लाईन सोडायच्या आधी चहा पिऊ म्हणून. वसरीत पाय टाकला अन् तो उभाच राह्यला. पेटी बघितली. मांडूळ बघितलं. लोंबलेलं मेन अन् खालची कुंकवाची खपली बघितली. त्याला कोणी काही सांगावं लागलं न्हाई. खिशातून तिन्ही फ्यूज काढले, हातात धरून बघत राह्यला, मंग उंबऱ्यावर बसला.

"मी जनरेटरचा आवाज ऐकला व्हता," तो म्हणला. "मला वाटलं, मंडपवाल्याचा असंल."

"कव्हा हात लावला तारंला?"

"शिडीवर व्हतो तव्हा शेजारच्या काकूच्या घरातला बल्ब लागलेला दिसला. म्हणलं, इन्व्हर्टर घेतलं वाटतं. मंग तो गेला. मंग वर चढलो."

एवढं बोलणं झालं अन् दारात पाहुणे. मोठा पुढं, टोपी सारखी करत. आता भांडायचं कसं? पाहुणे गादीवर बसले, वर पंखा, नात पोहे घेऊन आली, अन् माहे दोन्ही लेक शेजारी शेजारी मांडी घालून, तोंडावर हसू.

पाहुण्याचा बाप पंख्याकडं बघून म्हणला, "तुमच्याकडं लाईन हाये म्हणायची. येताना सगळं गाव बंद दिसलं."

मोठा म्हणला, "आमचं सोताचं हाये. घरचं."

धाकटा म्हणला, "घरचं काहून, दादा. तुमी तं सगळ्या गल्लीला पुरवली."

"असं का?" पाहुणे खुश. "शेजाऱ्याला बी देता? आजकाल कोण करतं असं."

"आमचे दादा लई दिलदार हायेत," धाकटा म्हणला. "मला बी देणार होते. मायनं नको म्हणलं."

मोठ्याला काही उमगलं न्हाई, तो मान डोलवून हसला. मी सुपारी पुढं केली. पाहुणे पोहे खाऊन, वावर बघून, पोरगी पसंत म्हणून गेले. जाताना नवरदेवाच्या बापानं ईचारलं, असं मशीन कुठं मिळतं.

ते गेल्यावर धाकट्यानं आवाज न चढवता मोठ्याला मीटरपासून पोलापर्यंत बोटानं दाखवलं. मोठ्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण कारकून तो कारकूनच.

"मला काय म्हाईत, तू वर हायेस म्हणून."

"मी नसतो तं दुसरा कोणी असता. वर कोणीतरी हायेच, असं धरून चालायचं असतं दादा."

"पण असं करायचं न्हाई हे मशीनवर कुठं लिहिलंय?"

तव्हा नातीनं पेटीसोबत आलेलं पुस्तक प्लॅस्टिकमधून काढलं. कोणी उघडलंच नव्हतं. त्यात मराठीतबी होतं. तिनं मोठ्यानं वाचलं: घराच्या आत चालवू नये. दारं-खिडक्यापासून दूर, उघड्यावर ठेवावे. इंजिन थंड झाल्याशिवाय इंधन भरू नये. घराच्या वायरिंगला पिनेनं जोडू नये. यंत्रावरूनच जाड वायरीनं हवी ती वस्तू लावावी. अन् सगळ्या घराला पाहिजेच असंल तं मिस्तरीकडून येगळा खटका बसवून घ्यावा, म्हंजी एकतर लाईन नाही तं जनरेटर, दोन्ही एका येळी जुळणार न्हाईत. पहिल्याच पानावर. मी म्हणलं, पोरी, अजून काय हाये वाच, माही तिसरी पास होऊन राहिली.

धाकट्यानं पकडीनं त्या मांडुळाचे दोन तुकडे केले अन् मोठ्याच्या हातात दिले. मंग डीपीवर गेला. घडीभरानं देवळातला भोंगा ओरडला.

त्या दिवशी सांजच्याला तो जेवत असताना मी म्हणलं, सोड हे काम. बाप गेला, आज तू जात होतास. त्यानं भाकर मोडली.

"सोडतो. मंग कोण चढंल?"

"ज्याला पगार हाये तो."

"त्याचे गुडघे दुखतात माय."

मला राग आला अन् हसू बी आलं. त्यानं सोडलं न्हाई. सोडणार न्हाई हे मला म्हाईतच होतं. मंग मी ज्या गोष्टी माह्या हातातल्या, त्या धरल्या. मेनचं कुंकू गरम पाण्यानं खरवडून काढलं. त्यानं नवी दांडी बसवली. दसऱ्याला आता मेनला लांबून हात जोडते, कुंकू लावत न्हाई. देवाला राग आला असंल तं येऊ दे, दांडी हलली पाहिजे. महिन्यातून एकदा ती पाडून बघते. तो बी आता तारंला हात लावायच्या आधी लोखंडी साखळीचं एक टोक जमिनीत गाडतो अन् दुसरं तारांवर टाकतो. करंट कुठूनबी येवो, आधी साखळीत जाईल म्हणतो. गाव कुरकुर करतं की साहेबाला आजकाल लई येळ लागतो.

मोठ्याचं बघून आता गावात चार-पाच घरी पेट्या आल्यात. कोणाची गोठ्यात, कोणाची माडीवर. म्हणून लाईन गेली अन् धाकट्याला चढायचं असलं की मी आधी गल्लीतल्या घराघरात जाते. जाऊ म्हणते, बाई, तुमी आता बिनपगारी साहेबीण झाल्या. मी आत जाऊन मेन खाली हाये का ते डोळ्यानं बघते. पडलंय म्हणून सांगितलेलं धरत न्हाई. पेटी घरात दिसली की बाहीर काढायला लावते. नातेवाईक रुसतात. रुसू द्या.

सगळी घरं झाली की मी पोलापाशी येते अन् हात वर करते. तव्हा तो शिडीला पाय लावतो. तो वर असेस्तोवर मी खाली उभी राहते, मान वर करून. मान दुखते. खाली आला की तो मला म्हणतो, आता मान खाली घे माय, लाईन सोडतो.